झोप मुलाची, वेळापत्रक मोठ्यांचे

प्रचलित निदान

मूल रात्री वेळेवर झोपत नाही, मध्यरात्री रडत उठते, सकाळी हलवून हलवून उठवावे लागते आणि वर्गात पेंगते, ही तक्रार आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही ती दवाखान्यात, अंगणवाडीत आणि पालकसभेत ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा तक्रार पुरी होण्याआधीच सांगून झालेले असते: मोबाईल. घरात मोबाईल नसला किंवा मूल तो हातात धरण्याच्या वयाचे नसले, तर दुसरी कारणे तयार असतात. मूल हट्टी आहे, आईने लाडावून ठेवले आहे, नाहीतर त्याला दृष्ट लागली आहे. ही निदाने वरवर निरनिराळी दिसत असली तरी त्या सर्वांची दिशा एकच आहे, कारण ती दोष मुलात किंवा त्याच्या आईत शोधतात, आणि उपायही त्या दोघांच्याच माथी मारून मोकळी होतात.

हे निदान उथळ आहे. लहान मुलांची, म्हणजे जन्मापासून साधारण दहाव्या वर्षापर्यंतच्या मुलांची, झोप मुख्यतः दोन ठिकाणी बिघडते: एक, मोठ्यांनी आपल्या सोयीने किंवा नाइलाजाने आखलेल्या वेळापत्रकात, ज्यात शाळेची घंटा, शेतीपंपाच्या विजेची पाळी, नळाला पाणी येण्याची वेळ, घराचे छप्पर आणि देशाची प्रमाणवेळ हे सगळे येते, आणि दोन, मुलाच्या शरीरातील अशा विकारांत, ज्यांना घरचे लोक विकार मानतच नाहीत. मोबाईल या बिघाडात सामील आहे यात शंका नाही, परंतु तो बहुतेक घरांत आधीच मोडलेल्या रात्रीत शिरलेला आहे. मूळ कारण तेच धरले तर उरलेली सर्व कारणे तशीच राहतात, आणि मोबाईल काढून घेतल्यावरही मूल जागेच राहते.

झोप किती लागते आणि ती येते कशी

अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ मध्ये जे प्रमाण निश्चित केले ते आज जगभर आधार मानले जाते. चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, चार महिने ते एक वर्षाच्या बाळाला १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेले आकडेही जवळपास हेच आहेत. पहिलीतील मुलाला सकाळी सहाला उठायचे असेल, तर त्याने रात्री नऊपर्यंत झोपलेले असणे ही किमान गरज ठरते.

ही झोप हुकमाने येत नाही. स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या आणि अद्याप पायाभूत मानल्या जाणाऱ्या प्रतिमानानुसार झोप दोन प्रक्रियांच्या मेळातून लागते. पहिली म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी तो तासागणिक वाढतो आणि झोपल्यावर ओसरतो. दुसरी म्हणजे मेंदूतील जैविक घड्याळ. ते डोळ्यांवर पडणाऱ्या उजेड-अंधारावर चालते आणि अंधार पडल्यावर मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक, म्हणजे शरीराला रात्र झाल्याची सूचना देणारे रसायन, रक्तात सोडवते. याखेरीज एक शारीरिक अट आहे: झोप लागण्याच्या सुमारास शरीराच्या गाभ्याचे तापमान थोडे उतरावे लागते, आणि त्यासाठी हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडावी लागते. झोपेला आलेल्या बाळाचे तळहात-तळपाय गरम लागतात ते यामुळेच. दाब, अंधार आणि उष्णतेला वाट या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या तर मूल झोपते. त्यांतील एक जरी मोठ्यांच्या व्यवस्थेने अडवली, तर मुलाला रागावून काहीही साधत नाही. पाचोऱ्यात या तिन्ही गोष्टी कशा अडतात हे क्रमाने पाहता येते.

१. उन्हाळ्याची रात्र

जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांवर जाणे नित्याचे आहे, आणि चर्चा होते ती नेहमी दुपारच्या या आकड्याची. मुलांच्या झोपेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा असतो तो रात्रीचा आकडा. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येत ‘उष्ण रात्र’ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे: दिवसाचे तापमान ४० अंश किंवा अधिक असताना रात्रीचे किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांहून जास्त चढलेले असेल, तर तिला उष्ण रात्र म्हणतात. मात्र किमान तापमान मोजले जाते ते मोकळ्या हवेत, बहुधा पहाटेचे. घरातले, आणि तेही रात्री नऊ-दहाचे, तापमान त्याहून कितीतरी चढे असते.

खानदेशातील जुनी घरे धाब्याची होती. जाड मातीच्या भिंती आणि लाकडी सऱ्यांवर पसरलेला मातीचा थर यांमुळे दुपारची धग आत पोचायलाच उशीर होई, आणि ती पोचेपर्यंत माणसे बाज घेऊन अंगणात किंवा धाब्यावर गेलेली असत. या घरांची जागा आता सिमेंटच्या स्लॅबने आणि पत्र्याने घेतली आहे. पत्रा दुपारी भाजतो पण रात्री लवकर निवतो. स्लॅब मात्र दिवसभर शोषलेली उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडत राहतो, आणि म्हणून नेमक्या मुलांच्या झोपेच्या वेळी खोली सर्वांत जास्त तापलेली असते. गच्चीवर झोपावे तर तीही मध्यरात्रीपर्यंत तापलेली, शिवाय डास, आणि शेजारच्या गच्च्यांवर चाललेल्या गप्पा. कुलर खानदेशच्या कोरड्या हवेत उत्तम काम करतो, परंतु त्याला वीज लागते आणि पाणीही लागते, आणि उन्हाळ्यात या दोहोंचा भरवसा देता येत नाही. मूल अकरापर्यंत कुशी बदलत राहते ते हट्टाने नव्हे. त्याच्या शरीरातील उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

तापमानवाढीमुळे माणसांची झोप कमी होते हे केल्टन मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ६८ देशांतील प्रौढांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींवरून दाखवून दिले, आणि कमी उत्पन्नाच्या देशांत ही घट अधिक असल्याचेही त्यांना आढळले. अभ्यास मोठ्यांचा होता. परंतु मुलाला उठून पंखा जवळ ओढता येत नाही, जागा बदलता येत नाही, पाणी मागायलाही कोणाला तरी उठवावे लागते, हे लक्षात घेता त्याची स्थिती मोठ्यांपेक्षा बरी असेल असे मानायला काही आधार नाही.

२. प्रमाणवेळ आणि शाळेची घंटा

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पाचोरा सुमारे ७५.३ अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पाचोऱ्याचा सूर्य घड्याळाच्या जवळपास अर्धा तास मागे असतो. मे महिन्यात कोलकात्यात सूर्य सहानंतर थोड्याच वेळात मावळतो, तर पाचोऱ्यात तो मावळायला सात वाजतात. आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पाचोऱ्यात सूर्य उगवतो तो सात वाजून गेल्यावर. शाळेची घंटा मात्र घड्याळावर वाजते.

हा अर्धा तास किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातील मुलांच्या वेळेच्या नोंदी सूर्यास्ताच्या वेळेशी ताडून पाहिल्या, तेव्हा सूर्यास्त एक तास उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्धा तास कमी होते असे दिसले. सूर्यास्त लांबला की झोपेची वेळ लांबते, पण शाळेमुळे उठण्याची वेळ लांबत नाही. मधला फरक झोपेतून कापला जातो. वर्षभराच्या सरासरीने एक तास उशिरा सूर्यास्त होणाऱ्या भागांतील मुलांचे शिक्षणही सुमारे ०.८ वर्षे कमी होते असा त्यांचा निष्कर्ष आहे, आणि हा परिणाम गरीब घरांत सर्वाधिक ठळक आहे, कारण गर्दी, उकाडा, डास आणि आवाज यांपासून झोप राखण्याची साधने तिथे नसतात. देशाच्या पश्चिम भागातील प्रत्येक गावाला हा निष्कर्ष थोड्याफार प्रमाणात लागू होतो, आणि पाचोरा त्यांपैकी एक आहे.

राज्य शासनाला या प्रश्नाची जाणीव झालेली आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांची झोप पुरी होत नसल्याचे सांगून शाळेच्या वेळा बदलण्याची सूचना केली, आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शालेय शिक्षण विभागाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत असा निर्णय काढला. निर्णय योग्य होता. पुढील वर्षी, मार्च २०२५ च्या अखेरीस, उष्णतेच्या लाटेपासून मुलांना वाचवण्यासाठी राज्यातील प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा भरवण्याच्या सूचना निघाल्या. त्यामागील हेतूही चांगलाच होता. परंतु हे दोन हेतू एकमेकांशी कधी बोललेच नाहीत. ज्या महिन्यात पाचोऱ्यातील मुलाला उकाड्याने अकरापर्यंत झोप लागत नाही, नेमक्या त्याच महिन्यात त्याला पावणेसहा-सहाला उठवणे भाग पडते. ज्या उन्हापासून त्याला वाचवायचे, ते ऊन त्याची झोप रात्रीच्या बाजूने कुरतडते आणि शाळा पहाटेच्या बाजूने. दुपारी मूल झोपून काही भरपाई करते हे खरे. पण शिकवणी लावलेल्या मुलाला तेवढीही मोकळीक नसते. चरकसंहितेतही दिवसा झोपण्याचा सर्वसाधारण निषेध करताना उन्हाळा आणि लहान मुले यांचा अपवाद केलेला आहे, कारण त्या ऋतूत रात्री लहान होतात. दुपारच्या झोपेला आळस समजणाऱ्या पालकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

३. घरातील श्रम आणि गुंगीची साधने

शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या आठवड्यात घरातील कर्ता माणूस पाणी भरायला शेतात जातो, त्याच्या जाण्यायेण्याने घर जागे होते, दार वाजते, दिवा लागतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिची चर्चा शेतकऱ्याच्या सोयीच्या आणि विंचू-साप-बिबट्याच्या भीतीच्या अंगाने होते, मुलांच्या झोपेच्या अंगाने कोणी करत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटे चार-पाचला उठते, स्वयंपाक उरकून मजुरीला जाते आणि संध्याकाळी परतल्यावर पुन्हा चुलीपाशी बसते. जेवणे नऊ-साडेनऊला होतात, आणि त्याआधी मूल झोपवणे शक्य नसते, कारण ते उपाशी झोपेल. एकाच खोलीच्या घरात दिवा मालवण्याची वेळ सर्वांत उशिरा झोपणारा माणूस ठरवतो. लहान मुलांचे डोळे उजेडाला मोठ्यांपेक्षा फार संवेदनशील असतात: अमेरिकेतील कोलोराडो येथे मोनिक लबुर्जुआ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत झोपेपूर्वीच्या तासाभराच्या प्रखर उजेडाने मेलॅटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी दबले, आणि नंतरच्या प्रयोगात मंद उजेडानेही ते बरेच घटल्याचे दिसले. घरातील ट्यूबलाइट निर्दोष नाही, ती फक्त मोबाईलइतकी बदनाम झालेली नाही.

थकलेल्या आईला मूल शांत बसवण्याचे साधन लागते, आणि प्रत्येक काळाने ते तिला पुरवलेले आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत असत, आणि १९२० च्या दशकात तिथल्या स्त्री-डॉक्टरांनी व कामगार खात्याच्या पाहणीने ही गोष्ट उजेडात आणली. त्या वेळी अनेकांनी आयांच्या अज्ञानाला दोष दिला. परंतु पाळणाघर नाही, बाळंतपणाची रजा नाही आणि पाळी दहा तासांची, अशा स्थितीत बाळगोळी हे अज्ञानापेक्षा नाइलाजाचे लक्षण होते. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूतिलाभ कायदा झाला तो हे समजणाऱ्या लोकांच्या प्रयत्नाने. आज बाळगोळी दुकानांत दिसत नाही, पण तिची जागा मोकळीही राहिलेली नाही. सर्दीच्या औषधाने मूल गुंगते म्हणून सर्दी नसताना ते पाजणारी घरे आहेत; यातील क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापण्याचे आदेश देशाच्या औषध नियंत्रकांना डिसेंबर २०२३ मध्ये द्यावे लागले. आणि जेवण होईपर्यंत मुलाच्या हाती दिलेला मोबाईल याच मालिकेतला आहे. तो हानिकारक आहे, पण तो का दिला गेला हा प्रश्न टाळून त्याच्यावर बंदी घालणे म्हणजे आईच्या हातून एक साधन काढून घेऊन तिला दुसरे शोधायला लावणे होय.

आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लग्नसराईतील डीजे या मर्यादेत बसतो की नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

४. शरीरातील कारणे

आतापर्यंतची कारणे बाहेरची होती. आतल्या कारणांत तीन अशी आहेत की ती ओळखायला सोपी, बरी करायला शक्य आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित आहेत.

पहिले कारण लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षय म्हणजे अशक्तपणा एवढेच सर्वसाधारणपणे समजले जाते. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन तयार होण्यासाठी लोह लागते, आणि ते कमी पडले की काही मुलांना संध्याकाळनंतर पायांत अस्वस्थ वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, झोपेतही ते झटकले जातात. पाच वर्षांच्या मुलाला हे शब्दांत सांगता येत नाही. ते रोज रात्री ‘पाय दाबून दे’ म्हणून आईच्या मागे लागते आणि आई समजते की दिवसभर खेळून पाय दुखत असतील किंवा वाढीचे दुखणे असेल. चिलीमध्ये पॅत्रिसिओ पेइरानो आणि सेसिलिया अल्गारीन यांनी तान्हेपणी रक्तक्षय झालेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा लोह देऊन रक्त सुधारल्यानंतर काही वर्षांनीही त्यांच्या झोपेची घडण वेगळी राहिलेली दिसली. याचा अर्थ उपचार लवकर व्हायला हवा. आणि अनेक घरांत मुलांना सकाळ-संध्याकाळ चहात बुडवून टोस्ट दिला जातो; चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही आणि कॅफिन झोप लांबवते, म्हणजे एकाच कपातून दुहेरी नुकसान होते.

दुसरे कारण घोरणे. घोरणारे मूल गाढ झोपले आहे अशी समजूत सार्वत्रिक आहे, आणि ती जवळजवळ उलट आहे. दोन ते आठ वर्षांच्या वयात टॉन्सिल आणि नाकामागील अॅडिनॉइड या गाठी घशाच्या मानाने मोठ्या असतात. त्या फुगल्या की झोपेत श्वासमार्ग अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो, आणि हे रात्रभर पुन्हा पुन्हा घडते. या विकाराला अवरोधी निद्राश्वसनरोध म्हणतात आणि तो शंभरांत एक ते पाच मुलांना असतो. तोंड उघडे ठेवून झोपणे, मान मागे टाकणे, झोपेत घामाने निथळणे, पूर्वी थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, ही त्याची लक्षणे होत. जिनिंगच्या हंगामात कापसाची धूळ उडते, लाकडाच्या चुलीचा धूर घरात कोंडतो. अशा हवेत नाक चोंदलेल्या मुलाचा त्रास वाढतोच.

तिसरे कारण जंत. सुतासारख्या बारीक कृमींच्या माद्या रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालतात, तिथे खाज सुटते आणि मूल चिडून रडत उठते. दहा फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. त्या दिवशीची अल्बेन्डाझोलची गोळी झोपेसाठीही उपयोगाची असते, हे पालकांना सांगितले तर ती चुकवणाऱ्यांची संख्या घटेल.

झोपेत किंचाळत उठून डोळे उघडे असूनही आईला न ओळखणारे मूल पाहिले की दृष्ट काढली जाते. हा प्रकार, ज्याला निद्राभय म्हणतात, रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात गाढ झोपेतून अर्धवट जाग आल्याने होतो, बहुतेक मुलांत वयाबरोबर थांबतो, आणि अपुऱ्या झोपेने वाढतो. मीठ-मोहरी ओवाळल्याने अपाय नाही. पण तेवढ्यावर थांबल्याने मूल त्या आठवड्यात किती तास झोपले हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

५. परिणाम, आणि त्यांचे चुकीचे वाचन

प्रौढ माणूस झोप अपुरी झाली की सुस्तावतो. लहान मूल बहुधा उलट वागते: ते जास्त धावते, जास्त रडते, एका जागी बसत नाही. त्यामुळे ज्या मुलाला झोपेची सर्वाधिक गरज आहे तेच ‘याला झोपच येत नाही, अंगात फार मस्ती आहे’ या शेऱ्याचे धनी होते. कॅनडातील रेउत ग्रुबर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सात ते अकरा वर्षांच्या ३४ निरोगी मुलांपैकी काहींची झोप आठवडाभर थोडी वाढवली आणि काहींची थोडी घटवली. कोणाची वाढवली आणि कोणाची घटवली हे शिक्षकांना सांगितलेले नव्हते, तरी रोज सरासरी केवळ २७ मिनिटे जास्त झोपलेल्या मुलांचे भावनिक संतुलन आणि वर्गातील स्थैर्य सुधारल्याची आणि सुमारे ५४ मिनिटे कमी झोपलेल्यांचे बिघडल्याची नोंद त्यांनी केली. इस्राएलमधील आवी सादेह यांनी २००३ मध्ये चौथी-सहावीच्या मुलांवर तीन रात्री तासभराचा फरक करून पाहिला, तेव्हा लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांतही फरक दिसला.

अर्धा-पाऊण तास म्हणजे प्रमाणवेळेने आणि सातच्या घंटेने पाचोऱ्यातील मुलाकडून सहज काढून घेतला जाणारा वेळ. त्याची किंमत प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष कमी’, ‘चंचल’, ‘लेखनात सुधारणा हवी’ अशा शेऱ्यांनी दिसते, आणि शेरा मुलाच्या स्वभावावर मारला जातो. याखेरीज वाढीचे संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवते, दिवसभर शिकलेले झोपेत पक्के होते, आणि रात्री वारंवार उठणाऱ्या बाळाच्या आईत नैराश्याचा धोका वाढतो. या शेवटच्या परिणामाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण आईचे जागणे हे तिचे कर्तव्यच मानलेले आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा की, मोबाईलला सूट दिली जात आहे. तसे नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळण्याजोगीच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. रात्री नऊला जेवण, साडेदहापर्यंत उकाडा आणि पायांत वळवळ असलेल्या मुलाचा मोबाईल काढून घेतला तर ते अंधारात जागे राहील, एवढेच.

दुसरा आक्षेप, पूर्वी मुले अशीच वाढली आणि त्यांचे काही बिघडले नाही. पूर्वीच्या मुलाला धाब्याचे छप्पर होते, दिवेलागणीनंतर अंधार होता, जिल्हा परिषदेची शाळा साडेदहाला भरत होती आणि दुपारी झोपलेल्या मुलाला कोणी उठवत नव्हते. काहीच बिघडले नाही हेही तपासून पाहिलेले नाही. नापास होऊन शाळा सोडलेल्यांपैकी कितीजण घोरणारे किंवा रक्त कमी असलेले होते याची नोंद कुठेच नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झोपेचे हे शास्त्र पाश्चात्त्य आहे, ते मुलाला वेगळ्या खोलीत, साडेसातला झोपवायला सांगते, आणि आपल्याकडे मूल आईच्या कुशीत उशिरा झोपते, त्यात विकार शोधणे चुकीचे आहे. यातील अर्धा भाग मान्य करायला हवा. जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतासह १७ देश-प्रदेशांतील २९,२८७ बाळांची माहिती तपासली, तेव्हा आशियाई मुले उशिरा झोपतात आणि पालकांच्या खोलीत झोपतात हे स्पष्ट दिसले. आईजवळ झोपणे हा दोष नव्हे, आणि वेगळी खोली हा खानदेशातील घरांसाठी उपायही नव्हे. परंतु त्याच पाहणीत आशियाई मुलांची एकूण झोपही कमी भरली. कुशीची सवय संस्कृतीची आहे, झोपेची तूट मात्र शरीराची आहे.

चौथा आक्षेप वैद्यकीय आहे: टॉन्सिल काढल्याने मुले हुशार होतात असे सांगून शस्त्रक्रिया वाढतील. ही भीती रास्त आहे. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर वर्तन, झोपेची लक्षणे आणि जीवनमान सुधारले, पण लक्ष आणि नियोजनक्षमतेच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी बऱ्याच मुलांचा श्वासरोधही आपोआप कमी झाला. म्हणून प्रत्येक घोरणाऱ्या मुलाची शस्त्रक्रिया नको, पण प्रत्येकाची तपासणी हवी.

काय मागायचे आणि काय करायचे

प्रश्न व्यवस्थेचा असेल तर मागणीही व्यवस्थेकडे करावी लागते. विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा सुरू होतात, म्हणजे हवामानानुसार शाळेचे वर्ष हलवण्याचे तत्त्व शासनाने मान्य केलेलेच आहे. जळगाव-धुळ्याचा एप्रिल विदर्भाच्या एप्रिलहून सौम्य नाही. चौथीपर्यंतच्या मुलांना एप्रिलमध्ये सातला शाळेत बोलावण्याऐवजी त्यांचे सत्र मार्चअखेर संपवून तेवढे दिवस पावसाळ्यात आणि हिवाळ्यात भरून काढणे अवघड नाही, आणि ही मागणी खानदेशातील पालकांनी व शिक्षक संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी.

दुसरी मागणी आणखी सोपी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. त्यांच्या तक्त्यात झोपेचे पाच प्रश्न घालावेत: मूल झोपायला त्रास देते का, दिवसा पेंगते का, रात्री उठते का, रोज किती वाजता झोपते-उठते, आणि घोरते का. जुडिथ ओवेन्स आणि व्हिक्टोरिया डॅल्झेल यांनी तयार केलेली ही प्रश्नावली दोन मिनिटांत होते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात पाच वर्षांखालील मुलांसाठी आठवड्यातून दोनदा द्यायचे लोहाचे औषध आशाताईंकडून येतेच; ते रात्रीच्या पायदुखीवरही काम करते हे त्यांनी सांगितले तर बाटली फळीवर पडून राहणार नाही.

आणि पालकांनी शासनाची वाट न पाहता करण्यासारखेही बरेच आहे. मुलांचे जेवण मोठ्यांच्या आधी उरकावे, त्यानंतर ट्यूबलाइट मालवून मंद दिवा ठेवावा, उन्हाळ्यात झोपेआधी अंग पुसावे, दुपारची झोप मोडू नये, मुलांचा चहा बंद करावा, आणि सुट्टीतही उठण्याची वेळ फार हलू देऊ नये. जे मूल आठवड्यातील बहुतेक रात्री घोरते किंवा झोपेत श्वास अडल्यासारखे दचकते, त्याला तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे आणि तिथून सांगितल्यास जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे. जाताना मूल झोपलेले असताना मिनिटभराचे चित्रण त्याच मोबाईलवर करून न्यावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.